रोजच्या ताटातून आतड्यांसाठी पुरेसा चोथा कसा मिळवावा

पोट साफ होत नाही अशी तक्रार सुरू झाली की आपल्या घरांमध्ये दोन उपाय ठरलेले असतात. रात्री झोपताना इसबगोल घ्यायचे आणि जेवणात काकडी-गाजराच्या चकत्या वाढवायच्या. दोन्ही उपायांत वावगे काही नाही, परंतु ज्या कारणासाठी आहारशास्त्र आज तंतुमय पदार्थांना, म्हणजेच चोथ्याला, एवढे महत्त्व देते, त्या कारणापर्यंत, म्हणजे आतड्यातील उपयोगी जिवाणूंना अन्न पुरवण्यापर्यंत, ते फारसे पोहोचत नाहीत. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम दोन ग्रॅम चोथा असतो आणि इसबगोलाचा भुसा मोठ्या आतड्यातील जिवाणूंना फारच थोडा वापरता येतो. मराठी स्वयंपाकघरातील चोथ्याचा खरा साठा पिठाच्या डब्यात आणि कडधान्यांच्या बरण्यांमध्ये असतो. तो साठा रोजच्या जेवणात कसा आणावा, कोणत्या वेगाने आणावा आणि कोणी जपून आणावा, हे पुढे दिले आहे.

आतड्यात नेमके काय घडते

भात, पोळी, डाळ यांतील बहुतेक स्टार्च, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ लहान आतड्यातच पचून रक्तात शोषले जातात. धान्याच्या कोंड्यातील, कडधान्यांच्या सालींतील आणि भाज्यांच्या पेशीभित्तिकांतील काही कर्बोदके तोडण्यासाठी लागणारी विकरे (एन्झाइम) मात्र माणसाच्या शरीरात तयारच होत नाहीत. ही कर्बोदके जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोहोचतात. तेथे जिवाणूंची प्रचंड वस्ती असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात राहतात.

हे जिवाणू आलेला चोथा आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार होतात. यांतील ब्युटिरेटकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग, साधारण ७० टक्के, रक्तातून न घेता याच ब्युटिरेटमधून मिळवतात. आम्ले वाढल्याने आतड्यातील वातावरण किंचित आम्लधर्मी होते आणि अनेक रोगकारक जिवाणूंना ते मानवत नाही. उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले आहे की चोथा मिळेनासा झाला की काही जिवाणू आतड्याच्या आतल्या बाजूस असलेला श्लेष्म्याचा संरक्षक थरच खाऊ लागतात.

ज्या पदार्थांचा आतड्यातील हितकारक जिवाणू निवडून उपयोग करतात आणि त्यातून आपल्या प्रकृतीला लाभ होतो, त्यांना प्रीबायोटिक म्हणतात. ही संकल्पना ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडली. प्रोबायोटिक म्हणजे लाभ देणारे जिवंत जिवाणू, आणि प्रीबायोटिक म्हणजे अशा जिवाणूंचे अन्न. कांदा, लसूण व गव्हातील इन्युलिन (फ्रुक्टोज या साखरेच्या लांब साखळ्यांचा चोथा) आणि फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्या, तसेच गॅलॅक्टोजच्या छोट्या साखळ्या, यांच्याविषयी सर्वांत भक्कम पुरावा उपलब्ध आहे. आईच्या दुधातही अशाच कर्बोदकांचे प्रमाण मोठे असते. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातील घन पदार्थांत त्यांचाच क्रमांक लागतो. बाळाला ती पचत नाहीत, कारण ती बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया या जिवाणूंसाठी असतात. जन्मल्यावर आपल्याला मिळणारे पहिलेच अन्न आपल्यासोबत आपल्या जिवाणूंचीही सोय करते, ही वस्तुस्थिती मला या सगळ्या विषयात फार मोलाची वाटते.

आहार बदलल्याचा परिणाम दिसायला वर्षे लागतात असे नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींना दोन आठवडे ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतील चोथायुक्त, कमी चरबीचा आहार देण्यात आला, तर ग्रामीण दक्षिण आफ्रिकेतील २० व्यक्तींना मांस आणि चरबी जास्त असलेला अमेरिकी आहार देण्यात आला. एवढ्या अल्प काळात पहिल्या गटात ब्युटिरेटची निर्मिती वाढली आणि आतड्याच्या अस्तराचा दाह कमी झाला. दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले.

आधी आपल्या ताटाचा हिशेब मांडावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार प्रौढांनी आणि दहा वर्षांवरील मुलांनी रोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतुमय पदार्थ खावेत. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी २१ ग्रॅम आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी १५ ग्रॅम हे प्रमाण सांगितले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, त्यांच्या आधारे आपल्या ताटाचा अंदाज घरबसल्या काढता येतो.

एका सर्वसाधारण शहरी दिवसाचे उदाहरण घेऊ. सकाळी पोहे, दुपारी भात, तुरीचे वरण आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी एक वडापाव, रात्री पुन्हा वरणभात. पोट व्यवस्थित भरते, परंतु बेरीज केली तर दिवसाचा चोथा १५ ग्रॅमच्या आसपास राहतो. कारण पॉलिश केलेल्या तांदळात शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमहूनही कमी चोथा असतो, मैद्यात तेवढाच आणि बटाट्यात त्याहून कमी.

आता त्याच घरातील दुसरा दिवस पाहू. सकाळच्या पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि मटार घातले. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या केल्या, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पीठ झाले आणि त्यातून १० ग्रॅम चोथा मिळाला. सोबत ३० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, तिच्यातून साडेचार ग्रॅम. मेथीची भाजी १०० ग्रॅम, तिच्यातून पाच ग्रॅम. संध्याकाळी एक मध्यम पेरू, त्यातून आठ ग्रॅमच्या वर. रात्री थोडा वरणभात. हा दिवस ३५ ग्रॅमच्या जवळ जातो. या दिवशी परदेशी बिया, महाग पावडर किंवा वेगळे असे काहीही आणावे लागलेले नाही.

आपला हिशेब मांडताना तीन दिवस जे खाल्ले ते लिहून ठेवावे आणि त्यातला एक दिवस सुट्टीचा असावा, कारण घरोघरी सुट्टीच्या दिवशीचे जेवण निराळे असते. आकडे दशांशापर्यंत काढण्याची गरज नाही. आपण पंधराजवळ आहोत की पंचविसाजवळ, एवढे कळले तरी पुढची दिशा ठरते.

पिठापासून सुरुवात

दिवसभरात सर्वांत जास्त खाल्ले जाते ते धान्य, म्हणून पहिला बदल तेथेच करावा. ज्वारीत शंभर ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम, नाचणी व अख्ख्या गव्हाच्या कणकेत सुमारे ११ आणि बाजरीत साडेअकरा ग्रॅम चोथा असतो. या आकड्यांवरून लक्षात येईल की भाकरी आणि पोळी यांच्यात चोथ्याच्या एकूण प्रमाणाचा फरक नगण्य आहे. फरक पडतो तो कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून दिल्यावर. गिरणीतून आलेले पीठ स्वच्छतेसाठी चाळायचेच असेल तर जाड चाळणी वापरावी आणि वर राहिलेला कोंडा पाहून त्यात खडा किंवा कीड नसेल तर तो पुन्हा पिठात मिसळावा. पोळी पांढरीशुभ्र व्हावी या हौसेपायी धान्याचा सर्वांत उपयोगी भाग आपण फेकून देतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

गव्हाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत लोकांच्या आहारातील इन्युलिनचे मोजमाप झाले तेव्हा ते रोज सरासरी २.६ ग्रॅम भरले आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा गव्हाचा निघाला, त्यानंतर कांद्याचा. गव्हात इन्युलिनचे प्रमाण कमी असले तरी तो रोज आणि भरपूर खाल्ला जातो, म्हणून असे घडते. त्यामुळे गहू सोडून देण्याचे कारण नाही. निरनिराळ्या धान्यांचे तंतू निरनिराळ्या जिवाणूंना उपयोगी पडतात, म्हणून आठवड्यात दोन-तीन धान्ये आलटून पालटून खाणे हे सर्वांत उत्तम.

भाकरीची सवय सुटलेल्या घरांत पहिली अडचण येते ती भाकरी थापताना चिरा पडण्याची. बहुधा दोष हाताचा नसून पिठाचा असतो. ज्वारीचे पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, म्हणून ते थोडे थोडे दळून आणावे आणि चिरा पडतच असतील तर कढत पाण्यात पीठ भिजवून चांगले मळावे. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्याने ते लवकर कडवट होते, ते तर आठ-दहा दिवसांपुरतेच दळावे. ज्यांना भाकरी अजिबात जमत नाही, त्यांनी थालीपीठ, नाचणीचे आंबील किंवा जाडसर दलियाची खिचडी यांपैकी काहीही धरावे. भरड दळलेल्या धान्यातील काही स्टार्च पेशीभित्तिकांच्या आत अडकलेला राहतो आणि न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो, हा दलियाचा आणखी एक लाभ.

दुकानातील मल्टिग्रेन ब्रेड घेताना वेष्टनावरील घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात. पहिले नाव मैद्याचे असेल तर वर चिकटवलेल्या बियांनी फार फरक पडत नाही.

कडधान्ये: सर्वांत मोठा लाभ आणि सर्वांत मोठी तक्रार

एकच बदल करता येणे शक्य असेल, तर रोज अर्धी वाटी उसळ, असे मी सांगेन. अख्ख्या हरभऱ्यात शंभर ग्रॅमला २५ ग्रॅम चोथा असतो, हरभऱ्याच्या डाळीत १५. अख्ख्या तुरीत सुमारे २३, तूरडाळीत नऊ. अख्ख्या मुगात १७, मूगडाळीत नऊच्या थोडा वर. साल गेली की चोथ्याचा मोठा हिस्सा गेला. म्हणून वरण-आमटी चालू ठेवून जोडीला मटकी, मूग, चवळी, मसूर, हरभरा यांची उसळ करावी आणि खिचडीसाठी सालीची मूगडाळ वापरावी. वालाचे बिरडे मला स्वतःला अतिशय आवडते, परंतु ते सोलताना त्याची साल पूर्ण जाते, त्यामुळे चोथ्याच्या हिशेबात ते मटकीच्या मागे पडते.

कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज ही गॅलॅक्टोजच्या साखळ्यांची कर्बोदके असतात. ती तोडणारे विकर आपल्या लहान आतड्यात नसते, म्हणून ती पूर्णपणे जिवाणूंच्या वाट्याला येतात. ज्यामुळे कडधान्ये उत्तम प्रीबायोटिक ठरतात, त्याच गुणामुळे पोटात वायू धरतो. जिवाणू चोथा आंबवताना हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात, काही जणांमध्ये मिथेनही होतो. थोडा वायू होणे हे जिवाणूंना अन्न मिळाल्याचे लक्षण आहे, पोट बिघडल्याचे नव्हे. पोट तडस लागेपर्यंत फुगणे मात्र कोणालाच सोसवत नाही आणि तेथेच बहुतेक जण उसळ सोडून देतात.

त्यावर उपाय स्वयंपाकाच्या पद्धतीत आहे. कडधान्य आठ ते बारा तास भरपूर पाण्यात भिजवावे, ते पाणी टाकून द्यावे, धुऊन नवीन पाण्यात शिजवावे. ही कर्बोदके पाण्यात विरघळणारी असल्यामुळे त्यांतील काही भाग भिजवलेल्या पाण्याबरोबर जातो. मोड येताना कोंब त्यांचाच इंधन म्हणून वापर करतो, त्यामुळे मोड आलेल्या कडधान्यांत त्यांचे प्रमाण आणखी कमी होते. याचा अर्थ मोड आल्यावर त्या साखळ्यांचा प्रीबायोटिक अंश थोडा घटतो हे खरे, परंतु सालींचा चोथा तसाच राहतो आणि जी उसळ सुखाने खाता येते ती कधीही न खाल्लेल्या हरभऱ्यापेक्षा चांगली. उसळ बोटांत दाबून सहज चेपेल इतकी मऊ शिजवावी. हिंग, ओवा, आले यांची आपली फोडणीची रीत आहे, ती सोडू नये.

क्रमही महत्त्वाचा आहे. मोड आलेल्या मुगापासून सुरुवात करावी, मग मटकी, त्यानंतर मसूर व चवळी, आणि हरभरा, वाटाणा, राजमा शेवटी. उसळ सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दोन मोठे चमचे एवढीच पुरे.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी येथेच सांगतो. राजम्यात कच्चा असताना फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते आणि अर्धवट शिजवलेल्या राजम्याने जोराच्या उलट्या-जुलाब होऊ शकतात, म्हणून तो भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण शिजवावा. मंद आचेवरच्या विजेच्या भांड्यात थेट टाकू नये. दुसरे असे की मोड आलेली कडधान्ये दमट उबेत राहिलेली असल्याने त्यांत रोगजंतू वाढण्याची शक्यता असते. गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले यांना ती कच्ची न देता वाफवूनच द्यावीत.

भाज्या, फळे आणि चटण्या

भाज्यांतही निवड केली तर लाभ वाढतो. मेथीत शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम, शेवग्याच्या पानांत आठ ग्रॅमपर्यंत, भेंडीत चार ग्रॅम चोथा असतो. दुधी, काकडी, टोमॅटो यांत तो त्याहून बराच कमी. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालींची चटणी ही आपल्याकडची जुनी पद्धत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. पालेभाजी निवडताना कोवळे देठ टाकू नयेत. कोबीचा दांडा बारीक चिरून भाजीत घालता येतो.

भाकरीसोबत फोडलेला कच्चा कांदा हा इन्युलिनचा चांगला स्रोत आहे. लसणात ते कितीतरी अधिक असते, मात्र आपण एका वेळी दोन-चार पाकळ्याच खातो. जवसात २६ टक्के चोथा असल्यामुळे जवसाच्या चटणीच्या एका मोठ्या चमच्यातून अडीच ग्रॅमची भर पडते. दिवसाच्या शिफारशीचा दहावा भाग केवळ तोंडी लावण्यातून मिळावा, ही काही लहान गोष्ट नाही. फळे चावून खावीत. रस काढून गाळला की चोथा गाळणीतच राहतो.

शिळ्या भाताविषयी

शिजवून थंड केलेल्या भातातील काही स्टार्च पुन्हा घट्ट रचनेत येतो आणि पचनाला दाद देत नाही, यावरून शिळ्या भाताची अलीकडे फार वाखाणणी होते. आकडे पाहिले तर उत्साह थोडा आवरावा लागतो. इंडोनेशियात झालेल्या एका अभ्यासात ताज्या पांढऱ्या भातात शंभर ग्रॅमला ०.६४ ग्रॅम प्रतिरोधक स्टार्च आढळला, तर २४ तास शीतकपाटात ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. म्हणजे एका वाटीमागे एक-दीड ग्रॅमची वाढ. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणे चांगलेच, पण त्यामुळे उसळीची जागा भरून निघत नाही. भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात लवकर गार करून तासाभरात शीतकपाटात ठेवावा.

उपवासाच्या दिवशी

एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार पाळणाऱ्या घरांत दुसऱ्या दिवशी पोट जड असल्याची तक्रार हमखास ऐकू येते. साबुदाणा हा टॅपिओका कंदाचा जवळपास शुद्ध स्टार्च आहे आणि त्यात चोथा नावालाच असतो. खिचडीत चोथा येतो तो दाण्याच्या कुटातून. उपवासालाच चालणारा राजगिरा शंभर ग्रॅमला सात ग्रॅमच्या वर चोथा देतो, रताळे सालीसह उकडले तर तेही चांगले. राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, सोबत रताळे, भोपळ्याची भाजी आणि एखादा पेरू असा उपवास केला तर नियम मोडत नाही आणि आतड्यांचाही उपवास घडत नाही.

वेग आणि पाणी

पंधरा ग्रॅमवरून पस्तीस ग्रॅमवर एका दिवसात उडी घेणे हीच या सगळ्यातील सर्वांत सामान्य चूक आहे. जिवाणूंचे परस्पर प्रमाण बदलायला काही दिवस लागतात आणि पोटाला त्या बदलाची सवय व्हायला बहुधा दोन-तीन आठवडे. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅमची वाढ हे झेपणारे प्रमाण आहे. पहिल्या आठवड्यात फक्त पीठ बदलावे. दुसऱ्या आठवड्यात थोडी उसळ आणावी. तिसऱ्यात पालेभाजी आणि एक फळ, चौथ्यात उसळीचे प्रमाण अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. पोट फुगले तर मागचे सगळे सोडून न देता आधीच्या आठवड्याच्या प्रमाणावर यावे आणि तेथे आणखी काही दिवस थांबावे.

चोथा पाणी धरून ठेवतो, म्हणून तो वाढवताना पाणीही वाढवावे लागते. पाणी कमी पडले तर मलावरोध उलट वाढतो. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी, हा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात दोन्हीकडे चालणारा ठोकताळा.

प्रगती पाहण्यासाठी शौचाच्या स्वरूपाकडे लक्ष द्यावे. ब्रिस्टल तक्ता या नावाने प्रसिद्ध असलेल्या वर्गीकरणात सात प्रकार आहेत. सुट्या कडक गोळ्या हा पहिला प्रकार आणि पूर्ण पातळ हा सातवा. वरून चिरा असलेला किंवा गुळगुळीत, मऊ आणि अखंड, म्हणजे तिसरा-चौथा प्रकार येऊ लागला आणि कुंथावे लागेनासे झाले की प्रमाण योग्य जागी आले असे समजावे. रोज एकदाच जायला हवे असा शरीराचा काही नियम नाही.

इसबगोल, पावडरी आणि ताक

इसबगोल पाण्यात फुगून त्याचा चिकट लगदा होतो, तो आतड्यात फारसा आंबत नाही आणि म्हणूनच मल मऊ ठेवण्याचे काम शेवटपर्यंत करतो. वायू कमी होतो आणि नियमित घेतल्यास रक्तातील एलडीएल, म्हणजे अपायकारक, कोलेस्टेरॉलही काहीसे उतरते. मलावरोधासाठी ते उत्तम आहे, जिवाणूंच्या अन्नासाठी मात्र त्यावर विसंबू नये. ते भरपूर पाण्यातच घ्यावे. कोरडे किंवा अपुऱ्या पाण्यात घेतले तर ते घशातच फुगून अडकू शकते, आणि गिळायला त्रास असलेल्या वृद्धांना तर ते वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊच नये.

प्रीबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींमध्ये बहुधा चिकोरीच्या मुळापासून काढलेले इन्युलिन असते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने रोज १२ ग्रॅम चिकोरी इन्युलिनमुळे शौचाला जाण्याची वारंवारता वाढते हा दावा २०१५ मध्ये मान्य केला आहे. म्हणजे ही पावडर निरुपयोगी नाही. पण तिच्यात एकाच प्रकारचा चोथा असतो, तर भाकरी, उसळ, भाजी मिळून अनेक प्रकारचा चोथा देतात आणि सोबत लोह, मॅग्नेशियम, प्रथिनेही देतात. घरचे जेवण शक्य असताना पावडरीवर पैसे खर्च करणे मला पटत नाही.

ताक आणि दही यांत जिवंत जिवाणू असतात, चोथा नसतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आंबवलेले पदार्थ वाढवणाऱ्या गटात आतड्यातील जिवाणूंची विविधता वाढली, तर केवळ चोथा वाढवणाऱ्या गटात त्या काही आठवड्यांत ती वाढलेली दिसली नाही. उसळ-भाकरीसोबत वाटीभर ताजे ताक घ्यावे, एवढा बोध त्यातून घ्यायला हरकत नाही. इडली, ढोकळा, आंबोळी आंबवलेल्या पिठाच्या असल्या तरी त्या वाफवताना किंवा भाजताना जिवाणू मरतात, त्यामुळे त्या ताकाच्या जागी धरता येत नाहीत.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी या विषयाकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधनासह भारतीयांवरील अनेक अभ्यासांत आपल्या आतड्यांत प्रिव्होटेला गटाच्या जिवाणूंचे प्रमाण मोठे आढळले आहे आणि या गटाचा संबंध धान्य-कडधान्यांच्या आहाराशी जोडला जातो. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि करेन समाजांच्या २०१८ मधील अभ्यासात स्थलांतरानंतर हाच गट घटत जातो आणि एकूण विविधताही कमी होते, असे दिसले. परदेशातील भारतीय किराणा दुकानांत ज्वारी-बाजरीचे पीठ आणि मटकी आता सहज मिळते, त्यांचा वापर सणावारापुरता ठेवू नये.

कोणी जपून राहावे

आतड्यांच्या संवेदनशीलतेचा विकार, ज्याला आयबीएस म्हणतात, असलेल्यांना कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा यांनीच त्रास वाढू शकतो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाने अशा रुग्णांसाठी एक आहारपद्धती विकसित केली आहे, पण तीत काही पदार्थ ठरावीक काळ बंद करून पुन्हा एकेक करून सुरू करायचे असतात, म्हणून ती आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी. आतडे अरुंद झालेले असणे, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेली असणे किंवा क्रोन्स या आतड्यांच्या दाहाच्या आजाराचा जोर असणे अशा वेळी चोथा वाढवण्याऐवजी कमी ठेवावा लागू शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना कडधान्यांतील पोटॅशियम आणि फॉस्फरसचा विचार करावा लागतो. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चोथा वाढल्यावर खाली येऊ शकते, त्यांनी पहिले काही आठवडे ती अधिक वेळा तपासावी.

मलातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल, यांपैकी काही असेल तर भाकरी-उसळीचा प्रयोग करत बसू नये. आधी डॉक्टरांकडे जावे.

ज्यांना दातांमुळे चावता येत नाही, त्यांच्यासाठी मऊ शिजवून घोटलेली सालीच्या मुगाची खिचडी, नाचणीचे आंबील, मटकी शिजवून वाटलेले कढण आणि उकडलेले रताळे हे प्रकार सोपे पडतात. इसबगोल आणि थायरॉइड, लोह किंवा इतर आजारांची औषधे एकाच वेळी घेऊ नयेत. औषधाचे शोषण त्यामुळे कमी होऊ शकते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे आणि थायरॉइडच्या गोळीसाठी ते आणखी वाढवून डॉक्टरांना विचारून ठरवावे.